मुक्कामी गाडी

शनिवारी पावणेबाराला आत्या आली ती रिकामी सुटकेस घेऊन. ती रिकामी आहे हे जिन्यातल्या आवाजावरूनच कळत होतं. भरलेली सुटकेस पायरीपायरीवर टेकत वर येते. ही नुसती आपटत येत होती.

आतल्या खोलीत बाळाला पाजत बसलेल्या आईने तो आवाज ऐकला. सात आठवड्यांपूर्वी दवाखान्यात, टाके ओले असताना, नणंदेने तिचा हात हातात घेऊन विचारलं होतं, "मधलीला मी नेऊ का गं? बाळ वर्षाचं होईपर्यंत. तुला तेवढंच हलकं." आणि तिने मान हलवली होती. त्या क्षणी कुणी तिचं डोकं काढून न्यायला मागितलं असतं तरी तिने मान हलवली असती.

"अगं, दार सताड उघडं!" आत्याचा आवाज आला. "कुणीही येईल आणि एखादं पोर उचलून नेईल."

"नेऊ दे की," आजोबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "भोंग्याला नेलं तर वर बिस्किटांचा पुडा देऊ."

भोंगा म्हणजे अडीच वर्षांचा तिसरा. त्याला काही हवं असलं, नको असलं किंवा काय हवं ते आठवत नसलं, तरी तो एकाच पट्टीत ओरडे. थोरला सात वर्षांचा, सगळ्यांच्या चुका काढणारा, म्हणून त्याचा मास्तर झाला होता. आणि मधली, पाच वर्षांची, ती मुंगी. तिच्या पायांचा आवाज होत नसे आणि ती कधी रिकामी बसलेली दिसत नसे.

या घरात सध्या दातांची वानवा होती. आई कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात काम करत असे, आणि आजोबांच्या तोंडातली कवळीही सुनेच्याच हातची होती. मास्तरचे पुढचे दोन पडले होते. बाळाचे यायचे होते. भोंग्याचे आले होते, पण ते तो लोकांना चावण्यासाठी राखून ठेवी. राहिले आई आणि बाबा. त्यांच्या तोंडात सगळे दात जागच्या जागी होते, पण दात काढून हसायला फुरसत कुठली!

तरी घर आनंदात होतं, हे खरं. वाळत घातलेल्या दुपट्यांखालून वाकून जाताना, एका पायाने पाळणा हलवत हाताने भोंग्याच्या कानातला वाटाणा काढताना, आईला मधूनच वाटे की आपली ओंजळ केवढीशी आणि देवाने घातलंय केवढं.

"या ताई," ती बाळाला खांद्यावर घेत बाहेर आली. "दमलात?"

"दमते कशाने? दीड तास बसून तर आले." आत्याने आधी बाळाचा माथा हुंगला, मग तिच्याकडे पाहिलं. "तू मात्र वाळलीस हो. कुठे आहे माझी मुंगी?"

"आहे इथेच कुठेतरी," आई म्हणाली. आणि आपण हे वाक्य दिवसातून कितीदा म्हणतो, असं तिच्या मनात येऊन गेलं.

*

आत्या कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होती. दिवसभर लोकांना हळू बोला म्हणायचं आणि संध्याकाळी अशा घरी जायचं जिथे हळू बोलायलाही कुणी नाही. यजमान महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख करायचंही वय मागे पडलं होतं, असं ती स्वतःला सांगत असे.

पण गेल्या पंधरा दिवसांत तिने लहान खोलीतलं पुस्तकांचं कपाट हलवलं होतं. तिथे छोटी कॉट टाकली होती. दारामागचा हुक काढून खाली ठोकला होता, पाच वर्षांच्या हाताला येईल इतका खाली. सुतार म्हणाला, "बाई, इतक्या खाली कोण काय अडकवणार?" ती म्हणाली, "फ्रॉक." आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडल्याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की सुतार गेल्यावर तिने तो पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहिला.

आता इथे खुर्चीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की वहिनी नजर चुकवतेय. तिने लगेच भावाकडे मोर्चा वळवला.

"काय टाइमकीपर? सगळं ठरल्याप्रमाणे ना?"

भाऊ बस डेपोत टाइमकीपर होता. कुठली गाडी कधी सुटायची, तिच्यावर कोण ड्रायव्हर, कोण कंडक्टर, हे सगळं त्याच्या वहीत. घरातही त्याला सगळे टाइमकीपरच म्हणत, बायकोसुद्धा, विशेषतः चिडली की.

"ठरल्याप्रमाणेच ताई. हिशेब सरळ आहे," तो बोटं मोजत म्हणाला. "मोठी माणसं तीन, पोरं चार. आप्पा भोंग्यामागे धावू शकत नाहीत..."

"धावू शकतो," आजोबा म्हणाले. "पोचू शकत नाही."

"...हिला आणखी दोन महिन्यांनी कामावर जायचंय. मुंगी तुझ्याकडे राहिली तर तिलाही शांतता, शाळाही तुझ्या गल्लीत. वर्ष म्हणजे काय, बघता बघता जातं."

"माझा विरोध आहे," मास्तर म्हणाला.

"का रे बाबा?"

"मग माझ्याशी पत्ते कोण खेळणार? भोंगा पत्ते खातो."

सगळे हसले. आत्याही हसली, पण हसता हसता तिने वहिनीकडे पाहून घेतलं. वहिनी हसली नव्हती.

"तुझं मन बदललंय का गं?" तिने हळूच विचारलं.

"नाही हो ताई," आई म्हणाली. "म्हणजे... तुमच्याकडे तिचं चांगलंच होईल."

तेवढ्यात मुंगी आली. स्वतःच वेणी घातलेली, एक बाजू जाड, एक बारीक. हातात कापडी पिशवी.

"आत्या, सुटकेस नको," ती म्हणाली. "माझं यातच बसलं."

आईने पिशवी घेतली. चार फ्रॉक घडी घातलेले. दात घासायचा ब्रश रुमालात गुंडाळलेला. रंगीत खडू नाहीत, बाहुली नाही, काहीच नाही.

"आणि तुझी खेळणी गं?"

"ती इथली आहेत," मुंगी म्हणाली. "भोंग्याला लागतील." मग बापाकडे वळून तिने खात्री करून घेतली, "बाबा, आत्याच्या डेपोत माणसं कमी आहेत ना?"

"हो ना," टाइमकीपर हसत म्हणाला. "तुझी आत्या एकटीच बिचारी."

"म्हणून मी चाललेय. मी स्पेअर आहे."

"स्पेअर? हे कुणी सांगितलं तुला?"

"पाटीवर आहे ना." तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. "मास्तरची पेन्सिल आहे. भोंग्याचा भोंगा आहे. बाळाचं दुपटं आहे. मुंगी नाहीये."

आमटीत मीठ नाही हे सांगावं इतक्या साध्या आवाजात तिने ते सांगितलं, आणि भोंग्याचं नाक पुसायला गेली.

*

टाइमकीपर उठून दारापाशी गेला. सात आठवडे तो दिवसातून वीसदा त्या पाटीसमोर उभा राहिला होता, पण आता पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहू लागला.

आजोबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, बसच्याही. बाळ येणार म्हटल्यावर त्याने त्यांच्याकडून ही पत्र्याची पाटी करून घेतली. डावीकडे ऑइलपेंटमध्ये प्रत्येक पोराची खूण म्हणून एक चित्र, कारण पोरांना अजून नीट वाचता येत नव्हतं. चित्रापुढे ओळ, ओळीत तास, आणि तासाखाली खडूने लिहायचं त्या वेळी कुणाची ड्युटी: आई, बाबा, आजोबा. तीन चित्रं. तीन ओळी.

जुन्या कागदावरच्या वेळापत्रकात मुंगीची ओळ होती. नव्यात तिने आपल्या हाताने जेवायचं, आपल्या हाताने अंघोळ करायची, वेळेवर झोपायचं. तिच्या ओळीत लिहायला काही राहिलंच नव्हतं. आणि तो ज्या हिशेबाने डेपोत बसे त्या हिशेबाने त्याने ती ओळ काढून टाकली. जी गाडी वेळेवर धावते तिच्याकडे बघायला माणूस कशाला लावायचा?

आणि स्पेअर हा शब्द तर तो रोज जेवताना उच्चारत असे. ज्याला त्या दिवशी फेरी लागलेली नाही तो ड्रायव्हर स्पेअर. हजेरी द्यायची, बाकावर बसायचं. दुसऱ्या डेपोत माणूस कमी पडला की त्याला तिकडे धाडायचं. त्याला कुणी विचारत नाही, तोही कुरकुर करत नाही.

"आप्पा," तो म्हणाला. "तुम्ही रंगवताना बोलला नाहीत?"

"तू तीन सांगितलेस, मी तीन काढले," आजोबा म्हणाले. कवळी त्यांच्या तोंडात उगाचच सरकल्यासारखी झाली. "गिऱ्हाइकाने दिलेला मजकूर बदलायचा नाही, ही सवय. मेली ती सवय."

"मी पाहिलं होतं," आई म्हणाली. "मला वाटलं, बरं झालं, एक ओळ कमी." ती बाळाला घट्ट धरून उभी होती. "ताई, माफ करा. मी तिला पाठवणार नाही."

"मीही नाही," टाइमकीपर म्हणाला.

आत्या उठली. तिचे कान लाल झाले होते.

"म्हणजे मी पळवून नेतेय का तुमची पोर? दवाखान्यात तुम्हीच हो म्हणालात. आणि तू रे? परवा फोनवर गाडीची वेळसुद्धा सांगितलीस! पाटीवरून तिला विसरलात तुम्ही, आणि वाईट मी?"

"तसं कुठे म्हणतोय ताई..."

"मी तिच्यासाठी हुक खाली घेतलाय," आत्या म्हणाली, आणि तिला स्वतःलाच कळेना की रागाच्या भरात तोंडातून हे का बाहेर पडलं.

भोंगा "हुक! हुक!" करत टेबलाखाली शिरला.

*

आजोबांना पोटच्या पोरीचा चेहरा तसा बघवेना. नवराबायको एक झाली होती, ते ठीकच. पण या भावाला लहानपणी हिनेच कडेवर वागवलं होतं. आई आजारी, बाप शिडीवर. नऊ वर्षांच्या पोरीने घर ओढलं होतं. ते आपली खुर्ची सरकवत मुलीच्या बाजूला जाऊन बसले.

"मी हिच्याकडून आहे," ते म्हणाले.

"आप्पा!"

"थांब. पाठवायचं हे तुम्ही ठरवलंत, न पाठवायचं हेही तुम्हीच ठरवताय. त्या पोरीला कुणी विचारलंय का? मुंगे, इकडे ये. तुला आत्याकडे जायला आवडतं का?"

मुंगीने विचार केला. तिला विचार करायला वेळ लागे, आणि तेवढा वेळ तिला कुणी देत नसे, म्हणून ती बहुतेक वेळा हो म्हणून मोकळी होई. आज सगळेच थांबले होते.

"आवडतं," ती म्हणाली. "आत्याकडे कपाटात बसता येतं. आणि आत्या गोष्ट मधे सोडून उठत नाही."

आत्याने पदर डोळ्यांना लावला.

"मग राहतेस वर्षभर?" आजोबांनी विचारलं.

मुंगीने आईच्या खांद्यावरच्या बाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पण बाळाचं पाच वाजताचं कोण करणार?"

"पाच वाजता काय असतं बाळाचं?" टाइमकीपरने पाटीकडे पाहिलं. पाच ते साडेपाच या चौकोनात त्याने स्वतःच लिहिलं होतं: बाळ शांत असते. ड्युटी नको.

"तेव्हा ते शांतच असतं गं," आई म्हणाली. "म्हणून तर मी तेव्हा अंघोळीला जाते."

"ते माझ्यामुळे," आजोबा म्हणाले. "पाचला मी कवळी काढून दाखवतो. गुंग होऊन बघतं."

"नाही आजोबा, ते घाबरून गप्प बसतं. मग तुम्ही पेपर वाचायला गेलात की रडतं," मुंगी समजुतीने म्हणाली. "मग मी जाते. तळपायावर फुंकर घालायची. इथे, अंगठ्याच्या खाली. इथे नाही, इथे गुदगुल्या होतात. शंभरापर्यंत मोजायचं, पण मला एकोणतीसच्या पुढे येत नाही, म्हणून परत परत."

"रोज?" टाइमकीपरने विचारलं.

"रोजच रडतं ना."

मास्तरला एकोणतीसच्या पुढे काय येतं ते सांगायची फार घाई झाली होती. आजोबांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

टाइमकीपर खाली बसला, जमिनीवरच, मुंगीच्या समोर.

"मुंगे, तू स्पेअर नाहीस. माझ्याकडून चूक झाली. फार मोठी."

"बरं," मुंगी म्हणाली. मग पिशवीकडे बघून, "मग जायचं नाही का मी? कपाटात?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे कुणाच्याच हिशेबात नव्हतं. तिला जायचं होतं. तिला फक्त कुणी पाठवून दिलेलं नको होतं.

"मुक्कामी गाडी माहितीये का तुला?" बापाने विचारलं. "ती संध्याकाळी आपल्या डेपोतून सुटते. दुसऱ्या गावात रात्रभर थांबते. सकाळी पहिल्या फेरीला परत येते."

"मग ती कुठल्या डेपोची?"

"आपल्या. रात्री कुठेही उभी असली तरी आपल्याच."

"पाटीसुद्धा आपल्याच गावाची असते तिच्यावर," आजोबा म्हणाले. "कितीतरी मी रंगवल्यात."

मुंगीने हे मनात नीट लावून घेतलं. "रोज?"

"दर शनिवारी," आई म्हणाली, आणि नणंदेकडे वळली. "चालेल का ताई? वर्षभर नाही देता येणार मला. पण वर्षातले सगळे शनिवार तुमचे. मनापासून सांगते, मान हलवून नाही."

आत्या बराच वेळ सुटकेसचं कुलूप उघडत-लावत राहिली. खालच्या हुकाला रोज एक फ्रॉक दिसणार नव्हता. आठवड्यातून एक दिसणार होता. महिन्यापूर्वी तर तिथे हुकच नव्हता.

"आज रजा काढली, पण एरवी शनिवारी ग्रंथालय दोनला बंद होतं," ती शेवटी म्हणाली. "तीनची गाडी मिळते मला. न्यायला मी येईन. आणि वेणी मी घालणार. ही काय वेणी आहे? एकीकडे दोरखंड, एकीकडे सुतळी!"

"मी घातली," मुंगी म्हणाली.

"छान घातलीस हो," आत्या घाईघाईने म्हणाली, आणि आई खळखळून हसली. खांद्यावरचं बाळ दचकून जागं झालं. आईच्या अंगातून हा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला असावा.

त्याच दुपारी आत्याबरोबर निघण्याआधी मुंगीने बापाला पाच वाजताचं सगळं करून दाखवलं. तो वहीत लिहून घेत होता.

*

लिहून घेऊनही त्या संध्याकाळी फुंकर चुकली. टाइमकीपरने चक्कर येईपर्यंत फुंकलं, एकोणतीसपर्यंत, शंभरापर्यंत, अगदी दोनशेपर्यंत मोजलं. बाळ पंचावन्न मिनिटं रडलं. आजोबांनी कवळी काढून दाखवली, तेव्हा ते आणखी रडलं. आईने ओल्या केसांनी बाहेर येऊन त्याला घेतलं आणि म्हणाली, "आता कळलं का, कोण कुणाच्या जिवावर अंघोळ करत होतं ते?"

रविवारी सकाळी सगळं घर थांब्यावर होतं. खरं तर एकाने आलं असतं तरी चाललं असतं. पण मास्तर म्हणाला मी येणार, मग भोंगा ओरडला, मग आजोबांनी बूट शोधायला घेतले, आणि एकटं घरी बसून आई तरी काय करणार होती? तिने बाळाला शालीत गुंडाळलं आणि निघाली.

गाडीला बारा मिनिटं उशीर झाला. डेपोत कुणाचीही तीन मिनिटं न सोडणारा माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून वळणाकडे बघत होता, आणि घड्याळाकडे एकदाही नाही.

गाडी आली. आधी आत्या उतरली, मग तिचा हात धरून मुंगी. वेण्या दोन्ही सारख्या, घट्ट, रिबिनी बांधलेल्या. तिने सगळ्यांना ओळीने उभं पाहिलं. तीन पावलं चालली.

मग फुटपाथवर बसली आणि रडायला लागली.

साधं रडणं नव्हतं ते. तोंड पूर्ण उघडून, डोळे मिटून, पाय आपटत. समोरच्या सायकलवाल्याने ब्रेक दाबला.

"काय झालं? पडलीस का?" टाइमकीपर धावला.

"नाही!"

"पोटात दुखतंय?"

"नाही! बूट चावतोय! गाडीला वास येतो! मला चालायचं नाही! मला उचला!"

"बूट नवा नाही, त्यामुळे तो चावू शकत नाही," मास्तर म्हणाला. आईने त्याला कोपराने ढोसलं.

आत्या गोरीमोरी झाली होती. "अगं, देवाशपथ, माझ्याकडे एकदाही रडली नाही. रात्रभर शहाण्यासारखी झोपली. सकाळी उठून माझीसुद्धा चादर घडी करून ठेवली. आणि इथे उतरल्याबरोबर असं काय झालं?"

"काही नाही झालं ताई," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "तुमच्याकडे पाहुणी होती. आता घरी आली."

टाइमकीपरने मुंगीला उचललं. पाच वर्षांची पोर, लांब पायांची, जड. ती त्याच्या खांद्यावर गुद्दे मारत अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं रडत होती. दुकानदार पायरीवर येऊन बघू लागले. एकाने विचारलंच, "कुणाची हो ही?"

"आमची," टाइमकीपर छाती काढून म्हणाला. "मधली. आवाज बघा कसा आहे!"

तिचा आवाज एवढा मोठा आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजोबांचं बोट धरून चाललेला भोंगा तर तोंड मिटून, मान वर करकरून बहिणीकडे पाहत होता, आपल्याहून वरच्या कारागिराकडे पाहावं तसा.